बाजूला बसणाऱ्यालाही दिसणारी स्क्रीन

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांनी, अल्लीपूरच्या एका मुलीवर अन्याय झाला. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. ती तिच्या अर्जाच्या पावतीवर छापलेली आहे.

ही मुलगी वर्ध्याला नर्सिंग शिकते. माझ्या आत्याच्या घरापासून तिसरं घर तिचं. त्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ती एका ऑनलाइन सेंटरवर गेली. सेंटरवाल्याला एक वाजता शटर ओढायचं होतं, त्याच्या घरी लाकडी बैल सजवायचा राहिला होता. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ही. स्क्रीनचं तोंड त्याच्याकडे, पाठ हिच्याकडे. वीस मिनिटं ती त्या पाठीकडे बघत बसली. तो मधूनमधून आधार नंबर विचारायचा, ओटीपी विचारायचा, ती सांगायची. ‘वसतिगृहात राहता का’ हा प्रश्न मात्र त्याने विचारलाच नाही. पत्ता अल्लीपूरचा दिसला, त्याने ‘नाही’ वर टिचकी मारली आणि अर्ज पाठवून दिला.

ती वसतिगृहात राहत होती. ‘नाही’ लिहिलेल्यांना मिळते ती तुटपुंजी रक्कम तिला मंजूर झाली, मेसचे पैसे थकले आणि डिसेंबरात खोली सुटली. दुरुस्तीसाठी ती ज्या ज्या खिडकीवर गेली तिथे एकच उत्तर मिळालं: गेलेला अर्ज परत येत नाही, पुढच्या वर्षी नीट भरा. मग रोज पहाटे पहिली एसटी, आठला वॉर्डात हजर, संध्याकाळी उभ्याने परत. तशातच वर्ष काढलं तिने. पासही झाली. पण या वर्षीचे अर्ज सुरू झाले तेव्हा तिने आत्याला सांगून टाकलं, “बाई, याही वर्षी तसंच झालं तर मी सोडते. आणखी एक वर्ष असं नाही जमणार मला.”

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. आम्ही पाचसहा जण वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीच्या एका खोलीत राहतो, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहांच्या प्रश्नांवर काम करतो. या मुलीवरही मी एक पत्रक काढलं होतं. मोठ्या टायपात मथळा, खाली तीन मागण्या. गावोगाव वाटलं. लोकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि तिची पहिली एसटी काही चुकली नाही.

आत्याने पत्रक काढलं नाही. अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना तिने मला फोन केला.

“मले एक लॅपटॉप घ्याचा हाये. पैसे माये हायेत, तू फक्त संग ये.”

“तुला?” मी विचारलं.

“मले नाई तर कोणाले? उचलून नेता आला पाह्यजे. विहारात नेता आला पाह्यजे, तिच्या घरी नेता आला पाह्यजे. टेबलाले बांधलेला नोको.”

आता ही आत्या कोण ते सांगतो. तिने सगळी नोकरी अंगणवाडीत केली, म्हणून अर्ध्या गावाची ती ‘बाई’ आहे. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे असायचो आणि तिच्या अंगणवाडीत लुडबुडायचो. तिथे मुलांचं वजन करायला घड्याळासारखा गोल टांगता काटा होता. आत्या मूल झोळीत घालायची आणि काट्याचं तोंड आईकडे फिरवायची. स्वतः मान वाकडी करून आकडा वाचायची. आईला आकडे येत नसले तरी तोंड आईकडेच. “पोरगं तिचं हाये,” म्हणायची, “पह्यले तिनं पाह्याचं.”

निवृत्त झाल्यावर तिने विहाराच्या ओसरीवर बसायला सुरुवात केली. रविवारची वंदना संपली की लोक प्लास्टिकच्या पिशव्यांमधून कागद काढून बसायचे. बौद्ध मोहल्ल्यातले तर यायचेच, पलीकडच्या आळीतली कुणब्यांची मुलंही यायची. जातीचा दाखला, वसतिगृहाचा प्रवेश, शाळा सोडल्याचा दाखला, विहिरीचा अर्ज. कोणी समोर बसलं की आत्या हटकायची.

“समोर काऊन बसली? मी का साहेब होय? बाजूले ये.”

बाजूला बसवायची. कागद दोघींच्या मधोमध, तिरपा. एक ओळ लिहायची, ती मोठ्याने वाचायची, आणि “असंच ना?” असं विचारून थांबायची. बाजूने होकार आल्याशिवाय दुसरी ओळ नाही. एका अर्जाला पाऊण तास लागायचा. रांगेतली माणसं कंटाळायची, पण उठून जायची नाहीत, कारण दुसऱ्याचा अर्ज ऐकता ऐकता आपल्या अर्जात काय विसरलंय ते त्यांना आठवायचं. शेवटी सही करण्याआधी अर्ज पुन्हा पहिल्यापासून, ज्याचा त्याने वाचायचा. वाचता येत नसेल तर रांगेतलं कोणीतरी वाचायचं. हा त्या ओसरीचा नियमच होऊन गेला होता.

मग अर्ज ऑनलाइन गेले आणि ओसरी रिकामी झाली. लोक सेंटरवर जायला लागले. आत्या रविवारी वंदनेनंतर थोडा वेळ बसायची, मग चटई गुंडाळून घरी. याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. पण त्या मुलीची पावती तिने हातात घेऊन नीट वाचली, आणि तिच्या डोक्यात काहीतरी पक्कं झालं.

माझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. पत्रकं मी डीटीपीवाल्याच्या शेजारी बसून करतो. पण मोबाइलवर परीक्षणाचे व्हिडिओ बघून बघून मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो. दोन दिवस बसून मी दोन लॅपटॉप निवडले. दोन्हींची किंमत जवळपास सारखी आणि आत्याच्या आवाक्यातली, त्यामुळे भावाचा प्रश्न मिटला होता. एक चंदेरी, पातळ, हलका, वेगाने चालणारा. दुसरा काळा, जाडसर, प्लास्टिकचा, चालू व्हायला वेळ घेणारा. मी एका पानावर दोन रकाने आखले आणि वेग, वजन, बॅटरी, साठवण असं एकाखाली एक लिहिलं. चंदेरी जवळजवळ सगळीकडे पुढे. माझ्यासाठी निकाल लागला होता. काळा मी नावाला ठेवला होता, आत्याला वाटावं की आपण निवडलं.

हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते. पण खरं आहे ते असं आहे.

मंगळवारी आत्या आली. चहा पिता पिता तिने चष्मा लावून माझं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली.

“सारं लिहलं. मानूस कुठं बसंन ते नाई लिहलं.”

“त्याचा काय संबंध?” मी हसलो.

ती हसली नाही. पानाची घडी करून तिने पिशवीत टाकली. ही पिशवी तिची अंगणवाडीच्या काळातली, जाड कापडाची, दोन्ही बंद दोनदा बदललेले. तिच्यात दोन जाडजूड रजिस्टरं होती. म्हटलं, लॅपटॉप घ्यायला रजिस्टरं कशाला? ती म्हणाली, “चाल तू.”

दुकान बाजारातलं, लहानसं, काचेच्या कपाटांचं. दुकानदार माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, बोलका. त्याने दोन्ही लॅपटॉप काउंटरवर मांडले आणि मला विचारलं, “कॉलेजसाठी का दादा?”

“आत्या वापरणार आहे,” मी म्हटलं.

“अच्छा,” तो म्हणाला, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवून मलाच सांगायला लागला. प्रोसेसर असा, रॅम तशी. मीही त्यालाच प्रश्न विचारत राहिलो. वापरणारी बाई आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती आणि आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो. असलं दृश्य दुसरीकडे कुठे दिसलं असतं तर मी दोन पानं काळी केली असती.

आत्याने आमचं बोलणं संपू दिलं. मग म्हणाली, “भाऊ, दोन स्टूल द्या बरं.”

“बसा ना मावशी, एक आहे इथं.”

“दोन पाह्यजेत.”

त्याने आतून दुसरं आणून दिलं. आत्याने दोन्ही स्टुलं एकमेकांना चिकटवून ठेवली, एकावर स्वतः बसली, चंदेरी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, “बाजूले बस.” बसलो. दुकानदाराने एक फॉर्मसारखं पान उघडून दिलं.

“वाच.”

मी मान वळवली. काय सांगू. समोरून तो लॅपटॉप झगझगीत दिसत होता, आणि बाजूने बघितलं तर पांढऱ्याचं पिवळट झालेलं, काळी अक्षरं फिकी पडलेली, चौकोनात टिकमार्क आहे की नाही ते कळत नव्हतं. आत्याने झाकण थोडं मागे केलं तर रंग आणखी उलटेपालटे झाले. मी तिच्या खांद्यावर डोकं नेलं तेव्हा कुठे वाचता आलं.

“असं माया खांद्यावर येऊन बसंन का कोणी?” आत्याने विचारलं. “त्या पोट्टीची माय बसंन?”

“मावशी,” दुकानदार समजावणीच्या सुरात म्हणाला, “हे एकट्यानंच वापराचं असते. घरी कोण बाजूला बसते?”

“माया बाजूले सारा गाव बसते,” आत्या म्हणाली. “तो काळा द्या.”

काळा समोरून साधाच होता. रंग मंद, झगमग नाही. पण मी बाजूला बसून प्रत्येक अक्षर वाचलं. आत्याने मला उभं राहून मागून वाचायला लावलं, तेही वाचलं. मग तिने झाकण मागे ढकलत नेलं आणि ते ढकललं तसं पूर्ण आडवं झालं, उघड्या वहीसारखं. दुकानदार पुढे झाला, “सावकाश हो मावशी,” आणि मग स्वतःच म्हणाला, “बरोबर आहे, जाते तो एवढा.” आत्याने लॅपटॉप जमिनीवर ठेवला, आम्हा दोघांच्या मधे, तिरपा. तिच्या ओसरीवरच्या कागदासारखा. आणि एवढ्या वेळात ती पहिल्यांदा हसली.

अजून संपलं नव्हतं. तिने रजिस्टरांसकट पिशवीत आधी चंदेरी घातला आणि दुकानाबाहेर पडली. दुकानदार तिच्या मागे. कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेली, परत आली. मग काळा घालून तोच फेरा. दुकानदार पुन्हा मागे, दुकान उघडं टाकून.

“पळून जाईन म्हणता का काय?” तिने वळून विचारलं.

“नाही मावशी, तुम्ही पडाल म्हणून,” तो म्हणाला. खरं काय ते त्याचं त्याला माहीत.

परत आल्यावर तिने पिशवी काउंटरवर ठेवून खांदा चोळला. “काळा जड हाये,” तिने कबूल केलं. बाहेर उन्हात दोन्ही उघडून पाहिले. उन्हात दोन्हींत काही धड दिसेना, चंदेरीत तर आम्हीच दिसायला लागलो. “सावलीत बसू,” ती म्हणाली, “त्याचं काई नाई.”

मी शेवटचा प्रयत्न केला. “आत्या, पहिला दुप्पट वेगाने चालतो. हा चालू व्हायलाच किती वेळ घेतो बघ.”

“मले घाई नाई,” ती म्हणाली. “घाई त्या सेंटरवाल्याले होती.”

माझं दोन रकान्यांचं पान तिच्या पिशवीत, रजिस्टरांखाली होतं.

बिल करताना दुकानदार म्हणाला, “इतकी वर्षं विकून राह्यलो, दोन स्टूल मागणारं गिऱ्हाईक नाही पाहिलं.”

“मंग आता तुमीच देत जा,” आत्या म्हणाली. “मागाची वाट पाहू नोका.”

पुढचे चार दिवस आत्या घरी बसून एका बोटाने टाइप करायला शिकली. मी शनिवारी गेलो तेव्हा तिने त्यावर विहाराच्या झाडलोटीची पाळी लिहून काढली होती, एका ओळीत सगळ्या आळीची नावं, मधे एकही स्वल्पविराम नाही, कारण तो तिला सापडला नव्हता.

रविवारी वंदना झाली. ओसरीवर चटई पडली. फोनवरून नेट जोडलं. पहिला अर्ज त्या मुलीचा, शेवटच्या तारखेला दोनच दिवस बाकी. मुलगी आली आणि सवयीने समोर बसली. आत्याने नुसतं चटईवर हात आपटला, तशी ती उठून बाजूला आली. तिची आई पलीकडच्या बाजूला. आत्याचं एक बोट सुरू झालं. नाव. “असंच ना?” वडिलांचं नाव. “असंच ना?” अर्ध्या तासात आम्ही दुसऱ्या पानावर होतो आणि मागे सातआठ माणसं पिशव्या घेऊन बसली होती.

तेवढ्यात कोणीतरी आत्याला आत बोलावलं, पाण्याच्या टाकीच्या किल्लीसाठी. ती उठली. “आलीच मी,” म्हणाली.

मला वाटलं, तेवढ्यात हे पान उरकून टाकू. लोक खोळंबलेत. मी आत्याच्या जागी बसलो, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि भराभरा भरायला लागलो. या मुलीची सगळी माहिती मला पाठ होती, मी तिच्यावर पत्रक लिहिलं होतं. अभ्यासक्रम. वर्ष. मग प्रश्न आला, वसतिगृहात राहता का. पहाटेची एसटी माझ्या डोळ्यांसमोर होती, ती माझ्या पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात होती. मी ‘नाही’ वर टिचकी मारली.

बाजूने एक बोट आलं आणि स्क्रीनवर टेकलं.

“दादा, तिथं ‘हो’ पाहिजे.”

मी तिच्याकडे बघितलं.

“पंधरा दिवस झाले मी परत वसतिगृहात राहायला गेले,” ती म्हणाली. “बाई म्हणाल्या, या वर्षी अर्ज नीट जाईल, त्या भरवशावर. कागद पिशवीत आहे.”

तो होताच. वसतिगृहाचा शिक्का मारलेला दाखला, सगळ्यात वर. मी पिशवीत बघितलंच नव्हतं. मागे बसलेल्या एका काकांनी विचारलं, “काय झालं?” आणि मुलीच्या आईने त्यांना सांगितलं, “काई नाई, दुरुस्त झालं.”

तोच प्रश्न, तोच चौकोन, तीच चूक. फरक इतकाच की या वेळी तिला दिसत होतं.

आत्या येऊन उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. मी उठून जागा दिली, ती बसली, लॅपटॉप पुन्हा मधोमध तिरपा केला.

“तू ते पत्रक लिहलं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तवा हिले वाचून दाखवलं होतं?”

“नाही.”

“दाखवाचं होतं,” मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “त्यात बिचारी लिहिलं होतं मला. मी बिचारी नाही. वॉर्डात एका दिवशीही उशिरा पोचले नाही मी.”

आता हे लिहिलेलं मात्र मी छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवलं आहे. तिने दोन ठिकाणी बदल करायला लावले, ते केले.

‘हो’ वर टिचकी तिनेच मारली. मग आत्याने अर्ज पहिल्यापासून वाचायला लावला, मुलीने वाचला, मागच्या सगळ्यांनी ऐकला. पाठवायचं बटण तिच्या आईने दाबलं, कारण मुलीला तसं हवं होतं. ऊन तोवर ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं, म्हणून चटई दोन हात आत सरकवली आणि पुढचा माणूस बाजूला येऊन बसला.

या वर्षी तिला वसतिगृहाची पूर्ण रक्कम मंजूर झाली आणि ती आता तिथेच राहते. मेसचं जेवण बेचव असतं अशी तिची तक्रार आहे. मला ती ऐकायला फार आवडते. आत्याचा काळा लॅपटॉप दर रविवारी ओसरीवर असतो, आठवड्याच्या मधल्या दिवसांत हिंगणघाटच्या रस्त्यावरच्या दोन वस्त्यांवर जातो. बॅटरी दुपारपर्यंत टिकते, मग कोणाच्या तरी घरी चार्जिंगला लावून आत्या चहा पिते. तिचा खांदा दुखतो. वेगाबद्दल तिची अजून काही तक्रार नाही. मी मोठमोठ्या सभांमध्ये पारदर्शकतेवर भाषणं ऐकली आहेत, स्वतः दिली आहेत. दोन स्टुलं मागून हा प्रश्न सोडवणारी बाई मी एकच पाहिली.

आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही कुठल्यातरी टेबलामागे बसत असाल, शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सेंटरवर, आणि समोर कोणी कागदांची पिशवी घेऊन येत असेल, तर तुमच्या बाजूला एक खुर्ची ठेवा. स्क्रीन वळवा. प्रत्येक ओळ वाचून विचारा, आणि शेवटचं बटण त्या माणसाला दाबू द्या. तुम्ही पिशवी घेऊन जाणारे असाल, तर समोर बसू नका. खुर्ची उचला आणि टेबलाला वळसा घालून जा. काऊन आले म्हणून विचारलं तर सांगा, अर्ज माझा आहे, मी बघणार. आणि बघितल्याशिवाय तिथून उठू नका.